सरळ एकीकडे, वळणाचे एकीकडे

माझ्या सासऱ्यांनी कोहारुकडे बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "बाळ! एक! जागेवर! ठीक!" तेव्हा माझ्या हातातली मुळ्याची चकती सुपात पडायची ती माझ्या पायावर पडली.

कोहारु म्हणजे माझी लेक. वर्षाची होऊन गेलेली. ती एकच आहे आणि त्या वेळी ती जागेवरच होती, कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, पांघरुणाचं टोक चघळत. यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. पण घरात एकच बाळ असताना ते रोज मोजून घ्यावंसं एखाद्या माणसाला का वाटावं?

तसा हा पुकारा आमच्या घराला नवा नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्या खोऱ्यातल्या दोन डब्यांच्या खासगी रेल्वेवर जन्मभर मोटरमन होते. सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "सिग्नल, हिरवा!" दारं लागली की, "दारं, बंद!" डोळा एकटा असला की फसतो, म्हणून हाताला आणि तोंडालाही साक्षीला उभं करायचं, अशी त्यामागची रीत. निवृत्त झाल्यावर तो पुकारा त्यांच्या खोलीपुरता उरला होता. आता तो बाहेर आला होता. "गॅस, बंद! ठीक!" "नळ, बंद! ठीक!" सकाळी दारात उभं राहून स्वतःच्याच पायांकडे बोट करून, "डावा बूट! उजवा बूट! ठीक!"

मी बाबांना घाबरायला लागले. खरं म्हणजे लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांना घाबरतच होते. पण ते आपलं सुनेचं नेहमीचं, प्रकृतीला मानवणारं घाबरणं होतं. हे तसलं नव्हतं.

या सगळ्याचं मूळ मीच होते. मला मात्र त्याचा पत्ता नव्हता. वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकते, उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला नको. माझा होता तेवढा पुरे.

झालं होतं असं. बाबांचं एक मंडळ आहे. छोट्या रेल्वेचं वेड असलेली पाचसात निवृत्त माणसं. नवीन वर्षात समाजमंदिराच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन असतं: भलंमोठं टेबल, त्यावर डोंगर, बोगदे, स्टेशनं आणि बोटाएवढ्या गाड्या. यंदा आराखडा काढायचा मान बाबांना मिळाला होता. पूर्वी आराखडे कागदावर निघत. आता त्याचं सॉफ्टवेअर आहे. पडद्याच्या कडेला तऱ्हेतऱ्हेचे रूळ मांडलेले असतात. त्यातला एकेक उचलायचा आणि मधल्या कोऱ्या जागेवर दुसऱ्याला नेऊन भिडवायचा. सरळ रूळ, वळणाचे रूळ आणि गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे. बाबांनी उन्हाळ्यापासून बसून असे शेकडो तुकडे जोडले होते. त्यासाठी ते या वयात संगणक शिकले. प्रत्येक तुकडा बसला की पडद्याकडे बोट करत, "जतन! ठीक!" आणि बटण दाबत.

फक्त एक काम राहिलं होतं. जेवताना ते स्वतःशीच कुरकुरत, "गट बांधायचे राहिलेत. गट बांधल्याशिवाय काही खरं नाही." म्हणजे काय, ते मला इतकंच कळलं होतं की सुटे तुकडे एकत्र बांधून त्यांचा गट करता येतो, मग त्यातला एक ओढला की सगळा गट पाठोपाठ येतो.

बाबा रोज दुपारी कोहारुला सांभाळत, म्हणून मला माझं मुद्रितं तपासायचं काम करता येई. एवढ्या उपकाराची फेड कशी करायची? बाबांना काही द्यावं तर ते दुप्पट परत करतात. वर्षअखेरच्या मोठ्या साफसफाईला मी त्यांची खोली पुसायला घेतली. बाबा शेजारच्या नुकागा आजोबांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला गेले होते, कोहारु झोपली होती, आणि संगणक उघडाच होता. पडद्यावर तो सगळा पसारा. सुटाच्या सुटा.

आता इथे आमच्या गावातल्या कचऱ्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. आमच्याकडे कचरा टाकणं ही एक विद्या आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा. बाटली एकीकडे, तिचं टोपण दुसरीकडे, तिच्यावरचं वेष्टन तिसरीकडे. दुधाचं खोकं धुवायचं, कापायचं, वाळवायचं आणि भावंडांबरोबर दोरीनं बांधायचं. पिशवीवर आपलं नाव लिहायचं, म्हणजे चुकलं तर कोणाचं चुकलं ते गल्लीला कळतं. मी नवी नवरी असताना माझी एक पिशवी लाल चिठ्ठी लावून परत आली होती. आत दह्याच्या डब्याचं झाकण निघालं. दोन दिवस ती पिशवी आमच्या नावासकट कोपऱ्यावर बसून होती आणि मी मागच्या दारानं ये-जा करत होते. अशा गावात ज्या बाईचा संसार झाला, तिला गट कसे करायचे हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी सगळे सरळ रूळ निवडले, त्यांचा एक गट बांधला. सगळे वळणाचे रूळ, दुसरा गट. सगळे सांधे, तिसरा. कोहारुची अख्खी झोप त्यात गेली. काम इतकं नेटकं झालं की मला माझंच कौतुक वाटलं. बाबांना सांगितलं मात्र नाही. केलेला उपकार बोलून दाखवला की तो उपकार राहत नाही, ती आठवण करून देणं होतं. शिवाय कोहारु रडत उठली.

स्टेशनातले रूळ स्टेशनाबरोबर आणि बोगद्यातले बोगद्याबरोबर, मग ते सरळ असोत की वाकडे, असे गट बांधायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नगरपालिकेच्या कचऱ्याच्या कॅलेंडरवर तर नव्हतंच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा आंघोळ करून ताजेतवाने होऊन आले, खोलीत गेले, आणि जेवायला बाहेर आले ते गप्प. मासा तसाच ठेवला.

"बाबा, खारट झालाय का?"

"नाही. मासा ठीक आहे," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "मासाच आहे ना?"

"म्हणजे काय बाबा? मॅकरेलच की."

"हं. मॅकरेल. ठीक."

दुसऱ्या दिवसापासून पुकारे सुरू झाले.

कोहारुनं हात वर केले की बाबा तिला उचलून छताला लावून आणत. दिवसातून दहा वेळा. आता तिनं हात वर केले, की बाबा स्वतःचे हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरत आणि नुसते वाकून तिच्याकडे बघत. ती तशीच हात वर करून उभी. मग तोल जाऊन बसकण मारायची. बाबा तरीही उचलत नसत. मला फार लागलं ते. म्हटलं, माझं काय चुकलं असेल ते माझ्यावर काढा, पोरीवर का?

मी नवऱ्याला फोन केला. केइगोची बदली हिरोशिमाला झालेली, महिन्यातून एकदा येतो.

"बाबा विचित्र वागताहेत."

"बाबा विचित्रच आहेत," केइगो म्हणाला.

"अरे, ते घरातल्या वस्तू मोजतात. काल मला विचारत होते, हा मासाच आहे ना."

मग तो हळूच म्हणाला, "मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. सायकलवरून तोफू आणायला गेले ते तिसऱ्या जिल्ह्यात सापडले. हातात तोफू तसाच. त्यांनी बाबांना शेवटी ओळखलंच नाही, पोस्टमन समजायचे."

"मग मी काय करू?"

"तू जरा लक्ष ठेव."

"म्हणजे नक्की काय करू?"

"म्हणजे... लक्ष गं."

नवरे लांब राहायला गेले की त्यांचा सल्ला असा छोटा होत जातो.

लक्ष ठेवायचं तर शेजारच्या नुकागा-सानना, म्हणजे नुकागा आजोबांच्या बायकोला, विचारणं आलं. नुकागा-सान आमच्या गल्लीच्या कचराकोपऱ्याच्या प्रमुख. पिशवीला हात न लावता आतलं काय आहे ते त्यांना कळतं, मग माणसाचं का कळू नये? मी त्यांना खाजगीत, अगदी कानात सांगितलं. आमच्या गल्लीत कानात सांगितलेलं कुठवर जातं, हे त्या दिवशी मला आठवायला हवं होतं.

"सूनबाई, घाबरू नका," नुकागा-सान म्हणाल्या आणि त्यांनी मला घाबरवायला सुरुवात केली. "काल काय खाल्लं ते विसरलं तर ते म्हातारपण. खाल्लं हेच विसरलं तर तो आजार. निळ्या पाठीचे मासे खायला घाला. अक्रोड द्या. एका हाताचा अंगठा आणि दुसऱ्याची करंगळी, अशी आलटून पालटून बाहेर काढायला लावा. हे बघा, असं." त्यांना ते जमलं नाही. "थंडीनं बोटं आखडलीत. आणि हो, गाडी! तुमचे सासरे, इसोबे-सान, अजून गाडी चालवतात ना? परवाना परत करायला लावा. आमच्या ह्यांनी केला. पोलिसात जाऊन दिला की झालं. टॅक्सी स्वस्त मिळते, झऱ्यावर आंघोळीला सूट, नूडल्सवर तळलेली कोळंबी फुकट."

"पण ते छान चालवतात हो."

"सगळे छानच चालवतात. चुकेपर्यंत."

मग त्यांनी मला परीक्षा कशी घ्यायची ते शिकवलं. डॉक्टरही म्हणे हेच विचारतात. तीन शब्द सांगायचे: साकुरा, मांजर, आगगाडी. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगायचं, आणि शेवटी ते तीन शब्द परत विचारायचे. मात्र परीक्षा आहे हे कळता कामा नये.

त्या रात्री जेवताना मी वाटी पुढे करत सहज म्हणाले, "बाबा, आज मी साकुराच्या झाडाखाली एक मांजर पाहिलं. आगगाडी बघत बसलं होतं."

बाबांच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या.

"आणि बाबा, शंभरातून सात गेले की किती उरतात हो?"

"त्र्याण्णव," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, एका दमात ते पुढे निघाले, "शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. साकुरा, मांजर, आगगाडी."

मी गारठले. इतकं फडाफड कोण सांगतं? मी मनातल्या मनात करून बघितलं आणि शहाऐंशीपाशीच अडकले. आता घरात दोघांचं काहीतरी बिघडलंय अशी माझी खात्री झाली. बाबा स्वतःच एक पुस्तिका आणून खोलीत गुपचूप हीच परीक्षा पाठ करत होते, हे मला कुठे ठाऊक? मी घाबरले ते त्यांच्या उत्तरांना, आणि बाबा घाबरले ते माझ्या प्रश्नांना. सुनेलाही कळलं म्हणजे आता संपलंच, असं त्यांना वाटलं. असे आम्ही दोघं समोरासमोर बसून शांतपणे मुळा खात होतो.

दुसऱ्या दुपारी मी कोहारुला त्यांच्याकडे ठेवलं, पण सरकतं दार बोटभर उघडं राहू दिलं आणि त्या फटीतून बघत मुद्रितं तपासली. तपासली म्हणजे, एका पानावरची चूक दोनदा दुरुस्त करून परत चूक केली. फटीतून दिसत होतं: बाबा भिंतीला टेकून ताठ बसलेले, हात मांड्यांखाली दाबलेले, नजर कोहारुवरून क्षणभरही न हलणारी. ती चालत त्यांच्याजवळ गेली, गुडघ्याला धरून उभी राहिली. ते तिच्याशी बोलले, पण हात काढले नाहीत.

मग त्यांची नजर वर आली आणि थेट फटीतल्या माझ्या डोळ्याला भिडली.

मी दार लोटलं. पण उशीर झाला होता. संध्याकाळी बाबा म्हणाले, "चिनात्सु-सान, उद्यापासून दुपारी कोहारुला माझ्याकडे नको ठेवूस."

"का हो बाबा?"

"नको."

पुढचं विचारायचं धैर्य मला झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, पोटात कुठेतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

सकाळी नुकागा-सान दारात उभ्या. वर्षातल्या शेवटच्या कचऱ्याचा दिवस होता, त्यामुळे त्या सेनापतीसारख्या सजल्या होत्या. "सूनबाई, इसोबे-साननी मंडळ सोडलं म्हणे! आमच्या ह्यांना काल फोन करून सांगितलं, माझ्याच्यानं आता होणार नाही, आराखडा दुसऱ्या कुणालातरी काढू द्या. दुसरं कोण काढणार? आमचे हे लाकूड आणून बसलेत. आराखडा मिळाला तर आज फळ्या कापतील, नाहीतर यंदा प्रदर्शन नाही. तुम्ही तरी छापून द्या हो."

बाबा घरात नव्हते. मी कोहारुला पाठीशी बांधलं आणि त्यांच्या खोलीत गेले. संगणक सुरू करून आराखडा उघडला, आणि किंचाळायची ती कोहारु पाठीवर आहे म्हणून दातांखाली ओठ धरून गप्प राहिले.

मध्ये नुसते सांधे, कुठे दोन कुठे तीन, पडलेल्या दातांसारखे विखुरलेले. सगळी वळणं पार वर कोपऱ्यात, कापलेल्या नखांचा ढीग असावा तशी. आणि सरळ रूळ? ते टेबलाची हद्द सोडून उजवीकडच्या कोऱ्या जागेत तरंगत होते. मला वाटलं, बिचाऱ्या बाबांनी काय करून ठेवलं हे! डोकं गेल्याशिवाय माणूस असं करेल? डोळ्यांत पाणी आलं. त्यातला एक सरळ रूळ तरी जागेवर ठेवावा म्हणून मी त्याला धरलं.

सगळे सरळ रूळ उजळले.

एकाला धरलं होतं, आणि सगळे एकदम. माझ्या नेटक्या, निवडलेल्या, दोरीनं बांधल्यासारख्या गटातले सगळेच्या सगळे.

त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. बाबा आंघोळ करून आले. फलाटाजवळचा एकच रूळ जरासा सरकवायचा म्हणून त्यांनी ओढला, आणि त्यांच्या हाताखालून अख्ख्या खोऱ्यातले सरळ रूळ उडाले. घाबरून त्यांनी एक वळण चाचपून पाहिलं, तर वळणंही गेली. आणि जन्माची सवय, "जतन! ठीक!" म्हणून बटण दाबलं असणार. ज्या माणसानं इतकी वर्षं एक दांडा ओढला की एकच गोष्ट हलते या भरवशावर लोकांना घरी पोचवलं, त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी कोहारुच्या एका झोपेत काढून घेतला होता. म्हणून ते हात पाठीमागे जात होते. म्हणून ते पोरीला उचलत नव्हते.

मी तशीच बाहेर धावले. नुकागा-सान कोपऱ्यावर कुणाच्यातरी पिशवीपुढे उकिडव्या बसल्या होत्या.

"बाबांना पाहिलंत?"

"मघाशीच बसथांब्यावर भेटले. परवाना परत करायला निघालेत पोलिसात. मी म्हटलं, शाबास! आज दुपारी खिडकी बंद होते, मग एकदम पुढच्या वर्षी. अहो, पण फळ्यांचं काय? सूनबाई! तुमची पिशवी!"

बाबांचा फोन चपलांच्या कपाटावर पडलेला मी येतानाच पाहिला होता. मी सायकल काढली. डिसेंबरात आमच्याकडे डोंगरावरून जो कोरडा वारा येतो, तो माणसाच्या पुढे उभा राहून त्याला विचारतो, नक्की जायचंय का? कोहारु मागच्या खुर्चीत शिरस्त्राण घालून खिदळत होती. मी पायडल मारत होते आणि वाटेतल्या सगळ्या देवळांना, अगदी जाता जाता, नमस्कार करत होते. एकदा परवाना दिला की दिला. पण भीती परवान्याची नव्हती. ती खिडकी ओलांडली की बाबा स्वतःच्या तोंडानं, शिक्क्यानिशी कबूल करून बसणार होते की आपण संपलो. आणि बाबांनी एकदा कबूल केलं की ते तसंच वागतात.

पोलीस ठाण्याचं दार मी खांद्यानं ढकललं. बाबा खिडकीपुढे उभे होते. अंगात मंडळाच्या समारंभाचा कोट. परवाना ताटलीत ठेवलेला. खिडकीमागची मुलगी विचारत होती, "आणि परत करण्याचं कारण काय लिहू?"

"माझ्या हातून नको ते हलतं," बाबा म्हणाले.

"बाबा! थांबा!" मी ओरडले. "रूळ मी बांधले!"

सगळा हॉल वळला.

"सगळे सरळ रूळ मीच बांधून ठेवले! एक ओढला की सगळे निघतात! तुमचा काही दोष नाही, सगळं मी केलंय!"

मागच्या टेबलावरचे एक धिप्पाड पोलीस अधिकारी हळूच उठले. "बाई," ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "कोणत्या मार्गावरचे रूळ?"

"सगळेच."

"आत्ता त्यावर गाड्या चालू आहेत?"

"नाही, नाही. त्या नवीन वर्षात सुरू होणार."

"तुम्ही एकट्यानंच केलंत?"

"हो. बाळ झोपलं होतं तेव्हा."

अधिकाऱ्यांनी फोन उचलला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "खेळण्यातले हो!" मी रडकुंडीला आले. "खेळण्यातले रूळ!"

इतका वेळ खाली बघत उभे असलेले बाबा एकदम ताठ झाले. अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "खेळण्यातले नाहीत. एकास दीडशे प्रमाणातले आहेत."

अधिकारी फोन ठेवून खाली बसले.

बाबा माझ्याकडे वळले. आवाज अगदी खाली. "सरळ रूळ. सगळे एका गटात?"

"हो."

"वळणाचे?"

"दुसऱ्या."

"आणि सांधे..."

"तिसऱ्या गटात. बाबा, मला वाटलं तसंच करतात. सारखं सारखं एकत्र. कचरा निवडतात तसं."

बाबा मागच्या बाकावर बसले. बसले म्हणजे त्यांना बाक वेळेवर सापडला. बराच वेळ ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"म्हणजे मी एकच रूळ ओढला होता."

"एकच, बाबा."

"मला वाटलं, दादासारखं सुरू झालं."

मी त्यांच्या शेजारी टेकले. खिडकीतल्या मुलीला मध्ये बोलणं भाग होतं, कारण खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. "इसोबे-सान, अर्जावर शिक्का पडलाय," ती चाचरत म्हणाली. "अर्ज मागे घ्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. त्यातही कारण लिहावं लागतं." बाबांकडे बघून, माझ्याकडे बघून, मग तिनं स्वतःच पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: कौटुंबिक, रेल्वेविषयक.

बाबांबरोबर मी बसनं घरी निघाले. सायकल ठाण्यातच राहिली. मी कोहारुला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला आता माझ्या आयुष्यातली सगळी भीती एकदम वाटत होती. बाबा रागावतील. बाबा कधीच रागावणार नाहीत, नुसते गप्प राहतील, वर्षानुवर्षं. केइगोला कळेल. नुकागा-सानना तर कळलंच असेल.

घरी आल्यावर बाबा कोट न काढता खोलीत गेले. मी कोहारुला कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. आत जायची माझी छाती नव्हती. पडद्यावर ते नखांचे ढीग तसेच होते. बाबा खुर्चीत बसले आणि हात मांड्यांखाली घातले.

"तू कर," ते म्हणाले.

"नको बाबा. मी नाही हात लावणार."

"मग कसं व्हायचं? उन्हाळ्यापासून केलंय सगळं. एकेक तुकडा परत..."

आणि तेव्हा, उंबऱ्यातून त्या ढिगाकडे बघताना, मला एक गोष्ट दिसली. सरळ रूळ टेबलाबाहेर गेले होते खरे, पण एकमेकांना सोडून कुठे गेले नव्हते. फलाटाचे दोन, पुलावरचे चार, शेतातली ती लांब ओळ, सगळं होतं तेवढ्याच अंतरावर, होतं त्याच दिशेला. अख्खं गाव जत्रेला गेलं होतं, हात धरून.

"बाबा, ते सुटे झालेले नाहीत. बांधलेले आहेत. तुम्ही एकाला घरी आणा. बाकीचे पाठोपाठ येतील."

"आणि नाही आले तर?"

हे बाबांनी मला विचारलं. ज्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नाही, त्या बाबांनी. "माहीत नाही बाबा," मी म्हणाले. "मलाही फार भीती वाटतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला. त्यांनी फलाटाचा तो पहिला रूळ धरला आणि ओढायला सुरुवात केली, हळूहळू, स्टेशनात शिरताना गाडी घेतात तसा. कोऱ्या जागेतून सगळे रूळ एकदम निघाले. टेबलाची हद्द ओलांडून आत आले, पुलावरचे पुलावर गेले, शेतातले शेतात, आणि फलाटाचा रूळ सांध्याला टेकला, तेव्हा संगणकानं टक् असा एवढासा आवाज केला.

बाबांनी वळणांच्या ढिगातलं एक नख धरलं. बोगद्याच्या तोंडाशी नेऊन सोडलं. टक्. खोरं होतं तसं झालं.

बाहेर वारा खिडकी हलवत होता. बाबांनी खुर्ची मागे ढकलली, उठून उंबऱ्याशी आले आणि दोन्ही हात पुढे केले.

"पोरीला इकडे दे," ते म्हणाले. "आणि तू त्या यंत्रापासून जरा लांब बस."